उतारा वाचताना काय टिपाल?

अवघे साडेतीन गुण! माझ्या भाचीचे वर्षभराचे कष्ट त्या साडेतीन गुणांपायी पाण्यात गेले.

मैत्रिणींनो, भाची माझी छत्तीस वर्षांची. घरात सासूबाई आहेत, दुसरीतला मुलगा आहे, नवऱ्याची फिरतीची नोकरी आहे. लग्नाआधी बी.एस्सी. झाली, मग संसारात अभ्यास मागे पडला. मुलगा शाळेत जाऊ लागल्यावर तिने पुन्हा पुस्तके काढली आणि लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला बसायचे ठरवले. खुल्या वर्गाला अडतीस वर्षांची वयोमर्यादा आहे. म्हणजे हाताशी संधी दोनच, फार तर तीन. पहाटे साडेचारला उठून, सगळ्यांचे डबे व्हायच्या आत दीड तास वाचायची.

ज्या परीक्षेला घरोघरी ‘राज्यसेवेची पूर्वपरीक्षा’ म्हणतात, तिचे दोन पेपर असतात. पहिला सामान्य अध्ययनाचा. दुसऱ्याला सगळे ‘सीसॅट’ म्हणतात. त्यात ८० प्रश्न, २०० गुण आणि वेळ दोन तास. हा पेपर नुसता पास होण्यापुरता असतो, पण ३३ टक्के, म्हणजे ६६ गुण मिळावेच लागतात. ते नसले की पहिल्या पेपरात कितीही चांगले गुण असोत, उपयोग शून्य. या दुसऱ्या पेपरात मोठा भाग असतो तो उताऱ्यांचा. उतारा वाचायचा आणि खालच्या प्रश्नांची उत्तरे चार पर्यायांतून निवडायची.

उत्तरतालिका आल्यावर भाचीने हिशेब केला. तिने पन्नास प्रश्न सोडवले होते. तीस बरोबर, वीस चूक. बरोबर उत्तराला अडीच गुण, म्हणजे ७५. चुकलेल्या वीसही उत्तरांचे प्रत्येकी पाव हिस्सा गुण कापले, म्हणजे साडेबारा गेले. उरले साडेबासष्ट.

“मावशी, मराठीच तर वाचायचं होतं गं,” ती म्हणाली. “गणितात गेले असते तर वाईट वाटलं नसतं. उताऱ्यात गेले!”

मी तीस वर्षे शाळेत मराठी शिकवले. म्हटले, “तुझे सरावाचे पेपर घेऊन ये बघू.” ती घेऊन आली, आणि पाहते तो काय, उताऱ्याची एक ओळ कोरी नव्हती! लाल रेघ, निळी रेघ, वर पिवळा रंग. शेजारच्या वहीत उताऱ्याचा निम्मा मजकूर पुन्हा उतरवलेला. कुठल्याशा क्लासमध्ये तिला सांगितले होते, ‘महत्त्वाचे सगळे अधोरेखित करा’. बाईंनी इमानेइतबारे सगळेच महत्त्वाचे मानले!

डब्यावरची चिठ्ठी

आता मला सांगा, स्वयंपाकघरातल्या डब्यावर आपण चिठ्ठी लावतो तेव्हा काय लिहितो? ‘तूरडाळ’, ‘साबुदाणा’, ‘भाजणी’. आत किती दाणे आहेत, कुठल्या दुकानातून आणली, हे काही लिहीत नाही. डबा समोरच आहे. हवे तेव्हा झाकण उघडून पाहता येते. चिठ्ठी एवढ्याचसाठी, की घाईच्या वेळी दहा डबे उघडायला लागू नयेत.

उताऱ्याची टिपणे म्हणजे ही चिठ्ठी. उतारा परीक्षेत शेवटपर्यंत तुमच्यासमोरच असतो. तो पाठ करायचा नाही, उतरवून घ्यायचा नाही. कुठल्या परिच्छेदात काय ठेवले आहे आणि लेखकाला शेवटी म्हणायचे काय आहे, एवढेच टिपायचे.

आपली सवय मात्र शाळेपासून वेगळी पडलेली असते. वर्गात बाई सांगतात ते भराभर उतरवून घ्यायचे, कारण ते पुन्हा मिळणार नसते. ती टिपणे आठवणीसाठी असतात, आणि उताऱ्याची टिपणे शोधण्यासाठी. हा फरक एकदा मनात पक्का बसला की अर्धे काम झाले.

टिपायचे ते एवढेच

प्रत्येक परिच्छेद वाचून झाला की क्षणभर थांबा. स्वतःला विचारा, ‘या परिच्छेदाने काय काम केले?’ एखादा परिच्छेद तक्रार मांडतो, एखादा कारणे देतो, एखादा उदाहरण सांगतो, एखादा दुसऱ्याचे म्हणणे खोडतो. ते काम तीन-चार शब्दांत लिहा.

दुसरे, वळणाचे शब्द टिपा. ‘पण’, ‘परंतु’, ‘मात्र’, ‘तरीही’, ‘तथापि’, ‘याउलट’. गाडी घाटात वळते तशी या शब्दांशी लेखकाची गाडी वळते, आणि बहुतेक वेळा त्याचे खरे म्हणणे वळणाच्या पलीकडे असते. टिपणात तिथे एक फुली करा.

तिसरे, मत कोणाचे ते टिपा. ‘काहींच्या मते’, ‘असे मानले जाते’ असे म्हणून लेखक दुसऱ्याचे मत सांगतो आणि पुढच्याच वाक्यात ते खोडतो. घाईत आपण ते लेखकाचेच समजून बसतो. लेखकाच्या मतापुढे ‘ले.’ लिहावे, दुसऱ्याच्या मतापुढे ‘लोक’.

चौथे, आकडे, सन, नावे उतरवू नका. कारणे तीन असतील तर नुसते ‘३ कारणे’ लिहा. ती कुठल्या परिच्छेदात आहेत हे टिपणावरून कळते. विचारले तर तिथे जाऊन बघायचे.

आणि शेवटी सगळ्या उताऱ्याचे सार एका वाक्यात. हे वाक्य पर्याय वाचण्याच्या आधी तयार हवे बरं का! पर्याय आधी वाचले की चारही खरे वाटू लागतात. साड्यांच्या दुकानात काय घ्यायचे ते न ठरवता गेलो की काय होते, ते आपल्याला ठाऊकच आहे.

एक उतारा घेऊन बघू

नुसते सांगून पटायचे नाही, म्हणून भाचीसाठी मी एक छोटा उतारा लिहिला. तुम्हीही वाचा. हाताशी एक पाठकोरा कागद घ्या.

‘ग्रामीण स्वयंपाकघरातील पारंपरिक चूल हा केवळ इंधनाचा प्रश्न नाही. लाकूड, काटक्या व गोवऱ्या अपुऱ्या जळल्याने निघणारा धूर घरात कोंडतो. त्याचा त्रास चुलीपुढे बसणाऱ्या स्त्रीला व तिच्याजवळ असणाऱ्या लहान मुलांना सर्वाधिक होतो. तरीही ही चूल पिढ्यानपिढ्या टिकली, कारण ती घरच्या मातीची, बिनखर्चाची व हव्या त्या आकाराची घालता येत असे.

‘१९८० च्या दशकात शासनाने सुधारित चुलींचा प्रसार हाती घेतला. त्यामुळे इंधन वाचेल व धूर धुराड्यावाटे बाहेर जाईल अशी अपेक्षा होती. प्रयोगशाळेत ती बऱ्याच अंशी खरी ठरली. मात्र प्रत्यक्षात यातील अनेक चुली काही काळाने वापरातून गेल्या. धुराडी काजळीने तुंबली, भेगा पडल्यावर दुरुस्तीला माणूस मिळाला नाही आणि ठरावीक मापाच्या तोंडावर मोठे भांडे नीट बसेना.

‘या अपयशाचे खापर अनेकदा ग्रामीण स्त्रियांच्या अज्ञानावर फोडले गेले. परंतु जी वस्तू रोज दोन वेळा वापरायची, तिच्या रचनेत वापरणारीचे मतच घेतले नसेल, तर ती नाकारण्यात अज्ञानापेक्षा व्यवहारज्ञानच अधिक दिसते. तंत्रज्ञान चांगले असणे पुरेसे नसते, ते वापरणाऱ्याच्या रोजच्या कामात बसावे लागते.’

भाचीने पहिल्या खेपेला बारा ओळी टिपल्या. लाकूड, काटक्या, गोवऱ्या, धूर, स्त्री, मुले, १९८०... त्यातल्या आठ ओळी पहिल्या परिच्छेदाच्याच होत्या. सुरुवातीला उत्साह फार, पुढे वेळ कमी!

मी माझे टिपण दाखवले. ते असे होते:

१. जुनी चूल: धुराचा त्रास. × तरी टिकली, का ते.
२. सुधारित चूल: प्रयोगशाळेत बरी. × घरात नाही, ३ कारणे.
३. लोक: बायकांचे अज्ञान. × ले.: नाही, त्यांना विचारलेच नाही.
सार: वस्तू चांगली असून भागत नाही, वापरणारीच्या कामात बसायला हवी.

चार ओळी. आता प्रश्न पाहू.

पहिला प्रश्न: उताऱ्याची मध्यवर्ती कल्पना कोणती? (१) चुलीचा धूर स्त्रिया व मुलांना अपायकारक आहे. (२) शासनाचे कार्यक्रम ग्रामीण भागात नेहमीच अपयशी ठरतात. (३) वापरणाऱ्याच्या गरजेला धरून नसलेले तंत्रज्ञान टिकत नाही. (४) ग्रामीण स्त्रियांना सुधारित चुलींचे शिक्षण द्यायला हवे होते.

भाचीने पहिला पर्याय निवडला. का, ते तुमच्या लक्षात आले असेल. तिच्या टिपणात धूरच धूर होता! धुराचे विधान खरे आहे, उताऱ्यात आहेही, पण ते एका परिच्छेदापुरते. सबंध उतारा त्यासाठी लिहिलेला नाही. दुसऱ्या पर्यायातला ‘नेहमीच’ हा शब्द बघा. एका चुलीवरून लेखकाने सगळ्या कार्यक्रमांना नावे ठेवलेली नाहीत. ‘नेहमीच’, ‘केवळ’, ‘सर्व’, ‘कधीही नाही’ असले शब्द पर्यायात दिसले की दोनदा विचार करा. चौथा पर्याय तर ‘लोक’ म्हणतात त्याच बाजूचा, म्हणजे चूक बायकांची आणि शिकवा त्यांना! टिपणातल्या ‘ले.: नाही’ या दोन शब्दांनी तो बाद होतो. उत्तर तिसरे.

दुसरा प्रश्न: चुली वापरातून गेल्याचे कोणते कारण उताऱ्यात दिलेले नाही? (१) धुराडी तुंबणे. (२) दुरुस्तीची सोय नसणे. (३) चुलीची किंमत जास्त असणे. (४) मोठे भांडे न बसणे.

हे पाठ असायची गरजच नाही. टिपण म्हणते, ‘२... ३ कारणे’. दुसऱ्या परिच्छेदाचे शेवटचे वाक्य बोट ठेवून वाचा. किंमत तिथे नाही. उत्तर तिसरा पर्याय. भाची म्हणाली, “पण मावशी, जुनी चूल बिनखर्चाची होती म्हणजे नवी महाग असणारच ना?” असेल बाई, पण उताऱ्यात तसे म्हटले आहे का? आपल्यासारख्या संसारी बायकांचा पाय इथेच घसरतो. आपल्याला जगाचा अनुभव असतो, आणि तो उत्तरात डोकावतो. परीक्षक तुमचा अनुभव विचारत नाही. तो विचारतो या कागदावर काय आहे ते.

तिसरा प्रश्न: सुधारित चूल नाकारणाऱ्या स्त्रियांकडे लेखक कसा पाहतो? पर्याय कसेही फिरवून लिहिलेले असोत, टिपणातली तिसरी ओळ पुरेशी आहे. तो त्यांना दोष देत नाही, त्यांच्यात त्याला शहाणपण दिसते.

घड्याळाकडे लक्ष

ऐंशी प्रश्नांना १२० मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट. पाच प्रश्नांचा उतारा असेल तर त्याला साडेसात मिनिटे मिळतात. त्यातली साडेतीन वाचायला आणि टिपायला, उरलेली चार उत्तरांना. टिपण करण्यात एकूण मिनिटभराहून जास्त वेळ जाऊ लागला की समजा, आपण पुन्हा उतरवून घेऊ लागलो. टिपण पाच ओळींपुढे गेले, तरी तेच.

उतारा वाचण्यापूर्वी प्रश्नांवरून नुसती नजर फिरवावी. प्रश्न काय विचारतात ते बघा, पर्यायांना हात लावू नका. आणि उतारा एकाच छोट्या परिच्छेदाचा असेल तर टिपणाच्या भानगडीत पडूच नका. सार मनात म्हणा आणि पुढे चला. चार ओळींच्या उताऱ्याला चार ओळींचे टिपण कशाला?

ही टिपणे लिहायची कुठे, हेही पाहायला हवे. कच्चे काम नेमून दिलेल्या जागीच करावे, अशी सूचना आयोगाच्या प्रश्नपुस्तिकेवर असते. ती पाळा. उत्तरपत्रिकेवर तर चुकूनही रेघ नको. कच्च्या जागेत आधी उताऱ्याखालच्या पहिल्या प्रश्नाचा क्रमांक घाला आणि मग टिपणे लिहा, म्हणजे घोटाळा होत नाही. म्हणूनच घरच्या सरावातही उताऱ्यावर रेघा ओढायची सवय सोडलेली बरी. तुमच्या मुलाने ‘कॅट’सारखी संगणकावरची परीक्षा द्यायची ठरवली असेल, तर तिथे उतारा पडद्यावर असतो आणि कच्चे काम वेगळ्या कागदावर करायचे असते. त्यालाही हीच रीत लागू पडते.

आयोगाच्या पेपरात काही उतारे नुसते इंग्रजीत असतात, त्यांचे भाषांतर दिलेले नसते. भाचीला त्यांची फार धास्ती. मी तिला सांगितले, “वाच इंग्रजीत, टिप मराठीत.” परिच्छेदाचे काम मराठीत तीन शब्दांत लिहिता आले, तर तो समजला. नाही लिहिता आले, तर पुन्हा वाचायचा तोच परिच्छेद, सबंध उतारा नव्हे. टिपण ही अशी आपलीच परीक्षाही घेते.

न सोडवण्याचे शहाणपण

आता पुन्हा त्या साडेतीन गुणांकडे येऊ. भाचीला वाटत होते, आणखी प्रश्न सोडवायला हवे होते. आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. चुकलेल्या वीसांपैकी एक बरोबर आला असता तर गुण झाले असते ६५.६२५, म्हणजे तरीही नापास! दोन बरोबर आले असते तर ६८.७५, म्हणजे पास. आणि गंमत बघा, त्या वीसांतले सहा नुसते कोरे सोडले असते, तरी कापलेले पावणेचार गुण वाचून ६६.२५ झाले असते आणि ती पास झाली असती.

ते सहा कुठले? पेपर बघितला तर बहुतेक उताऱ्यांचेच. दोन पर्यायांत अडकून ‘हे असेल’ म्हणून ठोकून दिलेले. टिपणाचा हा एक मोठा फायदा आहे. उत्तर टिपणातल्या कुठल्या ओळीवर उभे आहे, हे स्वतःला विचारता येते. ओळ सापडली नाही आणि उताऱ्यातही बोट ठेवता आले नाही, तर तो प्रश्न सोडून द्यायचा. भाजी चांगली नसली की आपण बाजारातून रिकाम्या पिशवीने परततोच की नाही?

घरच्या घरी सराव

यासाठी क्लासची फी भरायला नको. वर्तमानपत्रातला अग्रलेख रोज एक घ्या. चार मिनिटांचा गजर लावा. वाचा, पाच ओळींच्या आत टिपा, मग वर्तमानपत्र झाका आणि नुसत्या टिपणावरून घरातल्या कोणाला तरी सांगा, लेखकाचे म्हणणे काय आहे. भाची सासूबाईंना सांगायची. पहिले काही दिवस त्या म्हणायच्या, “अगं, तू काय काय झालं तेवढंच सांगतेस, त्याचं म्हणणं काय ते सांग ना!” मी तीस वर्षे वर्गात जे ओरडून सांगितले, ते त्यांनी एका वाक्यात सांगितले.

आयोगाचे जुने पेपर आणि उत्तरतालिका आयोगाच्या संकेतस्थळावर मिळतात. आठवड्यातून एक पेपर घड्याळ लावून सोडवावा. चुकलेल्या उत्तरापुढे चूक कसली ते लिहावे: ‘एकाच परिच्छेदाचे’, ‘टोकाचा शब्द’, ‘दुसऱ्याचे मत’, ‘माझा अनुभव’. महिनाभरात आपली खोड कुठली ते कळते. भाचीची होती ‘माझा अनुभव’! घरात शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसणारे मूल असेल, तर त्यालाही भाषेच्या पेपरातले उतारे असतात. त्याला शेजारी बसवून प्रत्येक परिच्छेदाला एक नाव द्यायला सांगा. खेळ म्हणून आवडीने करतात मुले.

यंदा भाची दुसऱ्या पेपरात सुटली. सोडवले अठ्ठेचाळीसच, गेल्या खेपेपेक्षा दोन कमी, आणि गुण मात्र सहासष्टाच्या बरेच वर. आता मुख्य परीक्षेचा डोंगर पुढे आहे. तो चढेल न चढेल, आत्ताच कसे सांगू? पण परवा फोनवर म्हणाली, “मावशी, आता बँकेचं पत्र आलं, सोसायटीची नोटीस आली, तरी मी आधी बघते, ‘पण’ कुठे आहे!”

तर मैत्रिणींनो, आज दुपारी भांडी आवरून झाली की एक अग्रलेख, एक घड्याळ आणि एक पाठकोरा कागद घेऊन बसा. पाच ओळींत मावले नाही तर वाईट वाटून घेऊ नका. डब्यांवरच्या चिठ्ठ्याही पहिल्यांदा वाकड्याच लागतात.